पावलाखालची माती आणि इतर मूर्खपणा

९ फेब्रुवारी, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. फार्म सुधारण्याच्या कामाची शास्त्रशुद्ध नोंद राहील. चोरून वाचणारं इथे कोणी नाही. आमचा मुकादम सिरिलो याला फक्त सही येते, तीही जीभ बाहेर काढून.

राजधानीत, माँटेव्हिडिओत, अठ्ठावीस वर्षं बुटांच्या दुकानात काढली. पाऊल बघून मी माणूस ओळखतो. मेंढ्यांना तर चार पाय, म्हणजे दुप्पट माहिती.

काल देल्मिराशी बोलणं झालं. लग्नाला सात महिने झाले. जमीन तिची, मेंढ्या तिच्या, मी बसतो ती खुर्ची तिच्या पहिल्या नवऱ्याची. ठरलं असं: आमचा मेरिनो मेंढा बिशप ६ मार्चच्या प्रदर्शनात मी धडधाकट उतरवला, तर एप्रिलपासून कारभार माझा. नाहीतर सिरिलो आहेच, आणि मी हिवाळ्यापुरतं माँटेव्हिडिओला बहिणीकडे जाऊन राहावं. ‘हिवाळ्यापुरतं’ हा शब्द ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

एप्रिलपासून सिरिलो मला ‘मालक’ म्हणेल. सध्या ‘बूटवाले’ म्हणतो.

१० फेब्रुवारी
बिशपच्या कानात बिल्ला मारला. नंबर एक. सिस्टीमची सुरुवात.
सिरिलोने नाक मुरडलं. म्हणे आत्ता भर उन्हाळा, जूनमध्ये थंडी पडेपर्यंत इथे जनावराला कोणी टाचणीसुद्धा लावत नाही. रक्ताचा थेंब दिसला की माशी अंडी घालते, आणि अळ्या जिवंत मांस खात आत शिरतात. मी म्हटलं, माशीला कॅलेंडर कळत नाही. तर म्हणाला, तिला कळतं हो बूटवाले, न कळणारे दुसरेच असतात.
अकलेचा कांदा.

१४ फेब्रुवारी
कान सुजलाय. बिशप मान वाकडी करून कुंपणाला घासतो. नव्या सिस्टीमला सुरुवातीला विरोध होतोच.

१५ फेब्रुवारी, दुपार
अळ्या. बऱ्याच. सिरिलो जखमेवर मारायचा निळा स्प्रे शोधत होता. ती बाटली जानेवारीच्या साफसफाईत मी फेकली, लेबल फाटलं होतं म्हणून. हे सांगायची गरज वाटली नाही. गावातून नवी आणतो म्हणाला, त्यालाही नको म्हटलं. काळं बूट-पॉलिश जाड थापलं. हवा बंद, अळी बंद. इतकी साधी गोष्ट या लोकांना शंभर वर्षांत सुचली नाही.

१८ फेब्रुवारी
बिशप खात नाही. पॉलिशला चमक मात्र उत्तम.

सिरिलोने मला न विचारता ओढ्यापलीकडच्या कासिल्दा म्हातारीला आणलं. एकूण दात दोन. तिचा उपचार असा: जनावराचं ओल्या मातीतलं पाऊल शोधायचं, सुरीने भोवतीने कापायचं, ती माती गवतासकट उचलून उलटी बसवायची. गवत वाळेल तशा अळ्या गळतात. जखमेकडे ढुंकून बघायचं नाही. फक्त दोन प्रश्न. जनावराचा रंग कोणता, आणि जनावर कोणाचं? घरचं असेल तरच गुण येतो म्हणे, भटक्याला येत नाही. देल्मिराने दारातूनच सांगितलं, पांढरा, आमचाच. आणि ही बाई शाळेत शिकलेली आहे.

मला हसू आवरेना. म्हातारी म्हणाली, हसा हो बूटवाले, पण जरा बाजूने चाला, त्याचं पाऊल पुसाल.

२१ फेब्रुवारी
अळ्या गळाल्या. बिशप खातोय. पॉलिशला सहा दिवस लागतात हे सिद्ध झालं. देल्मिराने कासिल्दाला चीजचा अख्खा गोळा पाठवला. माझी अर्धी डबी संपली, तिचं कोणी नाव काढलं नाही.

२६ फेब्रुवारी
टकलावर गोचीड चिकटली होती, बरोबर मध्यावर. नखाने उपटली. थोडं रक्त आलं. सिरिलो लगेच शहाणपण पाजळायला आला की स्पिरिट लावा, झाकून ठेवा. मी म्हटलं, मी मेंढा नाही.

१ मार्च
डोकं सारखं खाजतंय. विचार फार चाललेत. एप्रिलनंतर सगळ्या मेंढ्यांना बिल्ले, रंगाप्रमाणे. जेवताना देल्मिराला म्हटलं, डोक्यात एक किडा वळवळतोय. ती म्हणाली, तो लग्नाआधीपासून आहे.

३ मार्च
वळवळ वाढली. अगदी प्रत्यक्ष जाणवते, हॅटखाली डावीकडे सरकते. मोठी कल्पना येताना असंच होत असणार. उशीला डाग पडतात. खबरदारी म्हणून थोडं पॉलिश लावलं. तपकिरी, चेहऱ्याला शोभेल असं.

सिरिलो हल्ली माझ्याशी बोलताना वाऱ्याची दिशा बघून उभा राहतो. अंतर राखायला लागला. उशिरा का होईना, आदर आला.

६ मार्च, दुपार, प्रदर्शन
फाटकावर तपासनिसाने बिशपचे कान बघितले, शेपूट उचलून बघितली, खूर बघितले. स्वच्छ. लिहून घ्यायला खाली वाकला. तेवढ्यात राष्ट्रगीत लागलं, मी हॅट काढली. त्याच्या कागदावर काहीतरी पडलं. ते चालायला लागलं. मग दुसरं पडलं.

राष्ट्रगीत संपेपर्यंत तो माणूस सावधान उभा होता, पण बघत कागदाकडेच होता. मग म्हणाला की मेंढा जाऊ शकतो, मालकांना आत सोडता येणार नाही, नियम आहे.
सरकारी माणसाने चारचौघांत मला मालक म्हटलं, याची इथे नोंद करतो.

बिशपला सिरिलोने आत नेलं. बिशपचा तिसरा नंबर आला. प्रथमोपचाराच्या तंबूत नर्सने चिमट्याने अकरा अळ्या काढल्या. उरलेल्या खोल आहेत, सोमवारी शहरात हॉस्पिटलला या म्हणाली. निम्मं प्रदर्शन तंबूच्या दारात उभं होतं. मेंढ्याच्या रांगेपेक्षा माझी रांग मोठी होती.

७ मार्च, रविवार
हॉस्पिटलला जाणार नाही. माँटेव्हिडिओची बस त्याच्याच समोरून सुटते. देल्मिरा परस्पर तिच्यात बसवून द्यायची.
मेंढा धडधाकट उतरला. करार शब्दशः पूर्ण. हे तिला सांगायला योग्य वेळ शोधतोय.
माझी बॅग कपाटावरून खाली काढलेली दिसली. भीती वाटते.

१० मार्च, सकाळ
उशीवर सात अळ्या, मेलेल्या. डोक्यात शांत. कल्पनासुद्धा एक नाही.

पॉलिशचाच गुण, असं लिहायला घेतलं होतं. त्याआधी तोंड धुवायला हौदावर गेलो. तिथे ओल्या मातीचा एक तुकडा कापून उलटा बसवलेला. मुळं वर, गवत वाळलेलं. लांबी नजरेनेच मापली. एकेचाळीस नंबर. शेजारचं पाऊल शाबूत होतं, टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. अशी टाच झिजवणारा माणूस स्वतःला फार ताठ समजतो, हे मी अठ्ठावीस वर्षं गिऱ्हाइकांच्या पाठीमागे बोलत आलो.
बूट माझा.

सिरिलोला गाठलं. तो माते, म्हणजे इथला कडू चहा, नळीने ओढत बसला होता. म्हणाला, रविवारी मालकीणबाईंनीच म्हातारीला बोलावलं. म्हातारीने रंग विचारला. मालकीणबाई म्हणाल्या, गुलाबी, टकला. मग विचारलं, जनावर कोणाचं? तिथे म्हणे त्या जरा थांबल्या. बूटवाले, सिरिलो म्हणाला, माझं माते गार झालं एवढ्या थांबल्या. आणि मग म्हणाल्या, आमचंच आहे.

कारभार सिरिलोकडेच राहणार, हेही त्याच्याकडूनच कळलं. घरात येऊन बघितलं, बॅग परत कपाटावर होती. देल्मिराने न विचारता ताटात दुसऱ्यांदा वाढलं.

संध्याकाळी पाणी आणायला हौदावर गेलो. बाजूने गेलो.