पाचवा ट्रॅक्टर

अहो,

फ्रीजवर चिकटवलेलं तुमचं गणित आज नीट वाचलं. नुसता पगार घेतला तर बावीस हजार. कमिशनवर गेलं तर बारा हजार, वर ट्रॅक्टरमागं अडीच हजार. 'क्ष > ४' असं उत्तर लिहून खाली दोन रेघाही ओढल्यात तुम्ही.

पण चार ट्रॅक्टरला दोन्हीकडं बावीसच होतात की! अन् दिवाळीपासून दर महिन्याला तुम्ही चारच विकलेत. पगारावरची माणसं सहाला घरी येतात. म्हणजे इतके महिने मी उगंच एकटी जेवले.

देवगावला आईकडं चाललेय. वरण सवयीनं दोघांचं झालंय, गरम करून घ्या. पाचवा विकला हे सांगायला फोन करू नका. पगारावर आलात, तर घ्यायला या.

अपेक्षा