रिकाम्या पानावरची रेघ

गुरुवार, १९ जून

प्रिय ठमे,

तुला आणि छोटीला आशीर्वाद. तुझ्या आईला नमस्कार सांगू नकोस, ती माझ्याहून चार वर्षांनी धाकटी आहे. मावशीने चौकशी केली एवढंच सांग. छोटीचा खोकला गेला का? तिला कोमट पाणी देत जा आणि शेजारणींचे उपाय ऐकू नकोस.

तुझ्या घरी एक दिवसाआड जाते. कुंड्यांना पाणी घालते, खिडक्या तासभर उघड्या ठेवते. न्हाणीघरातला नळ गळत होता. प्लंबरने वायसर बदलला आणि नवा नळ गळ्यात मारायला बघत होता, त्याला हुसकून लावला. तुझ्या मास्तरांची रंगांची पेटी माळ्यावर टाक असं तू म्हणाली होतीस. ती खिडकीपाशीच आहे. मला उचलवली नाही.

काल बँकेत जाऊन आले. रात्री तुझा फोन आला तेव्हा ‘सविस्तर लिहिते’ म्हणून मी ठेवून दिला, त्याचा तुला राग आला असेल. येऊ दे.

तक्रारी ऐकायची एक वेगळी खोली केली आहे त्यांनी. तक्रार करणाऱ्याला प्लास्टिकची खुर्ची, ऐकणाऱ्याला गादीची, चाकं लावलेली. मी ते बोलून दाखवलं. अधिकारी बाई तुझ्याच वयाची, ती उठली आणि तिने आपली खुर्ची मला दिली. भांडण सुरू व्हायच्या आधीच माझ्या हातातून गेलं. कोपऱ्यात टायवाला बसला होता, आपला कर्ज-सल्लागार. काल टाय नव्हता. आपली तक्रार गेल्यापासून त्याच्या एजन्सीने त्याला घरी बसवलं आहे. वाळलाय. मी मनात म्हटलं, बरं झालं.

घरकर्जाची फाइल घेऊन तू आणि मास्तर माझ्याकडे आलात तो रविवार तुला आठवत असेल. आपल्या घराण्यात कुणाचाही फॉर्म माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. इस्पितळाच्या नोंदणी विभागात पस्तीस वर्षं काढल्यावर तेवढा मान मिळायलाच हवा, असं मला वाटत आलं. तीन बँकांचे दर मी आखीव वहीत शेजारी शेजारी मांडले. टायवाला म्हणत होता, बदलत्या दराचं कर्ज घ्या. मी त्याला चार पानी पत्र लिहून सतरा प्रश्न विचारले आणि तुम्हाला सांगितलं, जो माणूस आपल्याकडून एक पैसा घेत नाही तो बँकेकडून घेत असणार, पाच वर्षं तरी दर बांधून घ्या. ते मी बरोबरच सांगितलं होतं. पुढे दर दोनदा चढले, तुमचा हप्ता जागचा हलला नाही. हे तुला माहीत आहे. तरी पुन्हा लिहिते आहे, कारण त्यापुढचं लिहायला हात रेंगाळतो आहे.

कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर वह्या तपासायच्या तेव्हा अर्धं पान कोरं दिसलं की हातावर पट्टी बसायची. मजकूर संपला की उरलेल्या जागेवर तिरपी रेघ, आणि ती कुणी वाढवू नये म्हणून दोन्ही टोकांना बारीक आडवी खूण. रिकाम्या जागेत कोण काय लिहील, सांगता येत नाही, म्हणायच्या. नोकरीतही मी तेच केलं. माझ्या पत्रांनासुद्धा शेवटी ती रेघ असते. तू लहानपणी म्हणायचीस, मावशीच्या पत्राला शेपूट असतं.

तुमच्या फाइलीत विम्याचं पान होतं. कर्ज घेणारा माणूस गेला तर उरलेलं कर्ज विमा कंपनीने फेडायचं, ते पान. तुम्ही दोघांनी खाली सह्या केल्या होत्या आणि वर सगळं कोरं होतं. टायवाल्याने सांगितलं होतं की रक्ततपासणीचा अहवाल आला की तो भरून घेईल. मास्तर हे तुला सांगत होते तेव्हा मी आत चहा टाकत होते. मला ऐकू आलं की नाही, आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आलं असावं. पण टायवाल्यावर काही सोडायचं नाही हे मी आधीच ठरवून बसले होते.

पुढचं सगळं तू सोसलं आहेस, त्यातलं एकच लिहिते. घरात जाऊन आठ महिने होतात न होतात, तोच मास्तर शाळेच्या जिन्यात कोसळले ते पुन्हा उठलेच नाहीत, आणि त्यानंतर तेराव्या आठवड्यात बँकेचं पत्र आलं की अर्जदारांनी विमा नाकारला होता. आपण सगळ्यांनी टायवाल्याचं नाव घेतलं. सगळ्यांत मोठ्याने मी. अकरा पानांची तक्रार मीच लिहिली. त्यात ‘भामटा’ हा शब्द तीनदा आहे.

काल अधिकारी बाईने त्या पानाची प्रत माझ्यापुढे फिरवली. सह्यांच्या वर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ. सह्या केलेल्या पानावर रेघ म्हणजे विमा नको, असा बँकेने अर्थ घेतला. तपासणीचा अहवाल मागाहून पोचला, तो कुणीतरी फाइलीत मागे लावून टाकला. बाई म्हणाली, सह्या झाल्यावर सल्लागाराने पान खराब केलं असेल तर उरलेलं कर्ज त्याच्या एजन्सीला भरावं लागेल, घर तुमच्या भाचीचंच राहील. तसं नसेल तर या महिनाअखेरीपर्यंत थकलेले हप्ते, नाहीतर घराचा ताबा. टायवाला म्हणत होता, रेघ माझी नाही. तेवढंच म्हणत होता.

मग तिने मला विचारलं, “बाई, फाइल तुम्ही घरी पाहिली होती ना? तेव्हा हे पान कसं होतं?”

मी म्हटलं, “कोरं होतं.”

खोटं नव्हतं ते, ठमे. मी पाहिलं तेव्हा ते कोरंच होतं. असली खरी वाक्यं तयार करायला मी शाळेतच शिकले.

बाईने ते लिहून घेतलं. बाहेर जिन्यात टायवाल्याने मला गाठलं. बॅगेतून माझं ते सतरा प्रश्नांचं पत्र काढलं, शेवटचं पान वर करून दाखवलं. खाली रेघ, दोन्ही टोकांना खूण. मी म्हटलं, मग आत का नाही दाखवलंत?

“दाखवलं असतं तर ताईंचं घर गेलं असतं,” तो म्हणाला. “आणि ते पान मीही उलटून पाहिलं नाही, बाई. पाहायला हवं होतं.”

पत्र घडी करून परत बॅगेत ठेवलं आणि तो जिना उतरून गेला. एक शिपाई पाणी हवं का विचारून गेला, त्याच्यावरही खेकसले.

आता तू म्हणशील, मावशी, गप्पच राहा, घर तरी वाचेल. हेच मी काल घरी आल्यापासून स्वतःला म्हणत होते. एका परक्या माणसाची भाकरी गेली तरी माझ्या ठमीचं छप्पर राहतंय, आणि माझी अब्रूही राहते आहे. त्या अब्रूपाशी आले आणि अडले. तुझ्यासाठी गप्प बसले होते की माझ्यासाठी, ते मला वेगळं काढता येईना.

म्हणून आज सकाळी पोस्ट उघडताच अधिकारी बाईला रजिस्टर पत्र टाकलं. रेघ माझी आहे, सल्लागारांचा तिच्याशी संबंध नाही, असं सहीनिशी लिहिलं. त्याची एक प्रत त्यांच्या एजन्सीला, आणि एक त्यांच्या घरी, माफीसह. त्यानंतर तुला लिहायला बसले. आधी विचारलं असतं तर हो-नाही तुला ठरवावं लागलं असतं, आणि तुझ्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवायचा मला काही हक्क नाही. तुझं घर मी घालवलं. दोनदा घालवलं, एकदा नकळत आणि आज शुद्धीवर असताना.

माझ्या निवृत्तिवेतनात हप्ता बसत नाही. वहीत सात प्रकारे मांडून पाहिलं. माझ्याकडे राहायला ये, असं लिहायचं तोंड मला नाही. मागची खोली मात्र रिकामी केली आहे, भिंत पुसली आहे, आणि छोटीला बाहेर दिसावं म्हणून खिडकीखालचं कपाट हलवून घेतलं आहे. मास्तरांच्या पेटीला तिथे जागा होते.

माझ्याशी बोलू नकोस असं वाटलं तर बोलू नकोस. तुझ्या आईला हे पत्र वाचायला दे. मी घरात सगळ्यांना अक्कल शिकवत आले, तेव्हा हेही सगळ्यांना कळायला हवं.

पान अर्धं उरलं आहे. आज त्यावर रेघ मारलेली नाही. तुला मला जे म्हणायचं असेल ते तिथेच लिही आणि पान परत पाठव. कोरं आलं तरी मी ते तसंच ठेवीन.

तुझी,
मावशी