सेनापतीचं माप

४ जाने., रवि.
मनूला गॅदरिंगच्या नाटकात सेनापतीचं काम मिळालंय, पण अर्धंच. पनवेलहून भाड्याने येणारं चिलखत एकाच मापाचं, धिप्पाड माणसाचं. हिच्या गुडघ्यापर्यंत येतं. रोह्याच्या तिच्या कॉलेजातले सर म्हणाले, ज्याला बसेल तो सेनापती. म्हणजे तिच्याबरोबरचा संकेत. त्याला पाठांतर नाही, खांदे आहेत. निकाल शुक्रवारी, १६ला. म्हटलं, मी शिवतो.
मनूची आई : "मूर्तींना धोतरं नेसवून कोन शिंपी होत नाय."
पेणमधल्या निम्म्या कारखान्यांतले गणपती मी नेसवतो. कोणाकडे शिकलो नाही. एक चुणी वाकडी दाखवावी.

६ जाने., मंगळ.
बालवाडीने टाकलेल्या फोमच्या चटया. रिक्षाची सीटं शिवणाऱ्याकडचे रेक्झिनचे तुकडे. विकत फक्त चिकटवायचं सोल्युशन आणि रंग.
मनूला जुना टी-शर्ट घातला, वरून चिकटपट्टी गुंडाळली, पेनाने शिवणी आखल्या, पाठीत कापून काढलं. पसरलं की झाला नमुना. सारखी हलत होती. ओरडलो.

९ जाने., शुक्र.
झालं! एक सुरकुती नाही. कडा इस्त्रीने बसवल्या, वर काळा रंग, त्यावर पितळी रंगाचा एक हात. लोखंडच वाटतं.
मग तिने तलवार उचलली. म्हणजे उचलायला गेली. हात खांद्याच्या वर जाईना, चिलखताची छाती हनुवटीला टेकली.
"बाबा, हे गणपतीला घाला. छान दिसेल."
मूर्तीचा हात मूर्तिकाराने ठेवला तिथेच असतो. मी आजवर एकालाही हात वर कर म्हटलेलं नाही.

११ जाने., रवि.
बाजारातून कोळंबी आणली होती. एक हातात घेऊन वाकवत बसलो. कवच कडक, तरी वाकते कशी? एक पट्टी दुसरीखाली सरकते, आत मऊ कातडं.
मनूची आई : "आता तिचं पन माप घेताव काय? द्या इकडं."
एक ठेवून घेतली.

१३ जाने., मंगळ.
खांदे कापले. (जीवावर आलं.) चार-चार पट्ट्या एकीवर एक, खालून रेक्झिन. मशीनची सुई मोडली, मग दाभणाने हातशिलाई. हात थेट कानाला लागला. मनू घरभर तलवार फिरवतेय, कॅलेंडर फाटलं. मनूच्या आईने लपून व्हिडिओ काढून बहिणीला पाठवला. पाहिलं मी.

१६ जाने., शुक्र.
गोणपाटात बांधून गाडीने रोह्याला. कासू स्टेशनात एकाने विचारलं, ढोलकी काय?
सरांनी पट्टे ओढून पाहिले, उलटं करून शिलाई पाहिली. कुठून आणलंत? म्हटलं, पेणहून. बास. संकेतनेच तिच्या चिलखतावर टकटक केलं नि म्हणाला, "सर, हिलाच द्या." काम मनूचं!
परतताना गाडीत मनू शांतपणे सांगते, शेवटच्या प्रवेशात सेनापती बुरुजावरून पडतो. हे आत्ता? म्हणे, तुम्ही विचारलंच नाय.

१७ जाने., शनि.
सोमवारी प्रयोग. काखेतली शिवण दुहेरी केली, पाठीच्या पट्ट्या सैल. पडणाऱ्या माणसाचं माप कसं घेतात, कुठे पाहायला मिळणार? अंगणात दोन गाद्या टाकल्यात. मी आल्याशिवाय पडायचं नाही म्हणून बजावलंय. ओट्यावर उभी राहून हाका मारतेय,
"बाबा, लिवत काय बसलाव? पडू का?"