मोठ्या डॉक्टरांचे हसू मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : मोठ्या डॉक्टरांचे हसू मागे घेऊन मूळच्या आठ्या पूर्ववत करण्याबाबत.
संदर्भ : पुरुष वॉर्डातील काल सकाळचा राउंड.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, खाट क्रमांक अकरावरील रंगारी हे अर्जदाराचे पती आहेत. दारूने लिव्हरला सूज येऊन ते पिवळेधमक झाले होते. भरतीच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून बजावले, "स्टिरॉइडने सूज उतरेल. पण पुन्हा थेंब जरी घेतलात, तर आम्ही हात टेकले समजा." त्या आठ्यांच्या धाकाने पती आठवडाभर सुतासारखे सरळ होते.

२. काल रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "औषध लागू पडलं की हो!" आणि चक्क हसले. घोटाळा येथेच झाला. आधीच या गोळ्यांनी पतींची भूक खवळली आहे, झोप उडाली आहे आणि अंगात दहा हत्तींचे बळ आले आहे. त्यात हे हसू. आता ते वॉर्डभर सांगत सुटले आहेत, "ओल आलेल्या भिंतीला वॉटरप्रूफिंग करतात ना, तसं माझं लिव्हर झालंय. वरून कितीही ओता, आत झिरपायचं नाही!" शेजारच्या खाटेवरील गवंड्यास हे पूर्ण पटले असून, त्याने फक्त वॉटरप्रूफिंगचे किती हात मारले एवढेच विचारले.

३. सिस्टरबाईंनी समजावून पाहिले. त्यांना "तुम्ही रंगकामातल्या नाही" असे उत्तर मिळाले. उद्या पतींना घरी सोडणार आहेत. त्यांचे मित्र फाटकाशी रिक्षा घेऊन हजर राहणार आहेत, आणि ती रिक्षा घराकडे वळणार नाही, हे अर्जदारास पक्के ठाऊक आहे.

४. तरी घरी सोडण्यापूर्वी मोठ्या डॉक्टरांनी खाटेपाशी येऊन सदर हसू रद्द करावे आणि सूज उतरली म्हणजे पिण्याची मुभा मिळाली नव्हे, हे दरडावून सांगावे.

५. बायको असून तूच का दरडावत नाहीस, असे आपण विचाराल. कळविण्यास संकोच वाटतो. रिपोर्ट ऐकून अर्जदार भर वॉर्डात पतींच्या गळ्यात पडून हसली, आणि रडलीही. तेव्हापासून तिने डोळे वटारले की ते हसतात आणि मग तिलाही हसू फुटते. माणूस वाचला, या आनंदात तिला रागावणेच जमेनासे झाले आहे. ते पुन्हा जमेपर्यंत तेवढे काम डॉक्टरांनी सांभाळावे.

आठ्यांच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
खाट क्रमांक अकराची बायको

दिनांक : घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी