थोरली कुणाची, धाकटी कुणाची

।। श्री अंबाबाई प्रसन्न ।।

मुरगूड, दि. १२ जून २०२४

तीर्थस्वरूप सौ. वन्सं यांस,
शालनचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मोना मला हसते. आजकाल पत्रं कोण लिहितं, आत्याला व्हिडिओ कॉल कर म्हणते. मी तिला सांगितलं, फोन कानाला लावला की आत्याचं कानातलं मशीन शिट्टी मारतं, आणि मी इकडून ओरडले की शेजारची चिमणाबाई काय झालं म्हणून दारात येते. त्यापेक्षा पाकीट बरं.

गुडघ्याचा व्यायाम चुकवू नका. इकडं तुमची हरणी शेळी मजेत आहे. तुमच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही तिला आमच्याकडं अर्धलीनं सोडलीत, सांभाळायची आम्ही आणि करडं निम्मी-निम्मी. दिवाळीत तिला दोन माद्या झाल्या तेव्हा तुम्ही इथंच होता. आधी जन्मली ती तुमची, मागची माझी, असं आपण गोठ्यातच ठरवलं. ठरवणं सोपं होतं वन्सं. आता त्या सात महिन्यांच्या झाल्या आणि खुरापासून शेपटीपर्यंत दोन्ही काळ्याकुळकुळीत. शिंगंसुद्धा सारखीच फुटलीत.

ओळखू याव्यात म्हणून मी माझ्या जुन्या इरकलीचा हिरवा काठ थोरलीच्या गळ्यात आणि दुसऱ्या लुगड्याचा निळा काठ धाकटीच्या गळ्यात बांधला. बाजारात पट्टा ऐंशी रुपयांना एक, आणि घरात काठ पडून होते. तर थोरलीनं धाकटीचा खाल्ला आणि धाकटीनं थोरलीचा. थोरलीच्या गळ्यात अजून चार बोटं हिरवं शिल्लक आहे, तेवढ्यात दुसरी काहीतरी खूण करायला हवी. तुमचं जनावर तुमच्याच दावणीला गेलं पाहिजे. भावजयीनं नणंदेची थोरली ठेवून घेतली असं कुणी म्हणायला नको. आणि कुणी म्हणालं नाही, तरी रोज सकाळी देवीपुढं दिवा मलाच लावायचा असतो.

काय करू ते सुचवा. दाजींना नमस्कार. आहे ती माया तशीच ठेवावी.

तुमची,
शालन

---

गडहिंग्लज, २१ जून

चि. सौ. शालन हिस,
अंबूबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आमच्या ह्यांनी मोठ्यानं वाचलं आन दोघंबी पोट धरून हसलो. अगं, शेळीच्या गळ्यात काठ बांधतीस व्हय? उद्या ओटी भरशील तिची. इरकल चांगली होती, मोनाच्या बारशाला नेसली होतीस, मला आठवतंय.

इथं धनगर लोक कानाला कातर मारून खूण करत्यात. एक कातर एकाची, दोन कातरी दुसऱ्याची. पण ते तुला जमायचं न्हाय. तू डास मारताना बी देवाचं नाव घेतीस. म्हणून सोपं सांगते. मागल्या साली खिडक्यांना लावलेला तांबडा ऑइलपेंट उरला असंल. तू काय टाकून देणारी न्हाईस, डबा माळ्यावर असंलच. थोरलीच्या शिंगांना लाव. पावसात जात न्हाय आन शेळीला शिंग चाटता येत न्हाय.

गुडघा वाकायला लागलाय. परवा देवळाची पायरी चढले. बाळासोला म्हणावं, भैणीला विसरू नको.

तुझी,
अंबू

---

।। श्री अंबाबाई प्रसन्न ।।

मुरगूड, दि. २६ जुलै २०२४

तीर्थस्वरूप सौ. वन्सं यांस,
शालनचा शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. हसावं की रडावं तेही कळत नाही.

तुमच्या सांगण्याप्रमाणं थोरलीच्या शिंगांना तांबडा रंग लावला. डबा माळ्यावरच होता. महिनाभर इतकं निवांत झालं की लांबूनसुद्धा सांगता यायचं, ती वन्संची. मग बेंदूर आला. मी आत पुरण वाटत होते. तुमच्या भावाला उत्साह आला. म्हशीची शिंगं रंगवली, बैलांची रंगवली, हरणीची रंगवली, आणि डबा उरला म्हणून धाकटीचीही रंगवली. वर थोरलीचा रंग थोडा उडालाय असं वाटून तिच्यावर दुसरा हात फिरवला. मी नैवेद्य घेऊन बाहेर आले तर चार तांबडी शिंगं माझ्याकडं बघत होती. गळ्यातला काठ तर केव्हाच पोटात गेलेला. हे मात्र ब्रश धुवत होते आणि विचारत होते की कसं दिसतंय.

वन्सं, मी बेंदराच्या दिवशी माणसाला बोलायचं नाही म्हणून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी बोलले.

थोरले, थोरले अशी हाक मारून बघितली. दोघीही येतात, कारण माझ्या हातात भाकरी असते. हातात काही नसलं तर दोघीही येत नाहीत. मोनानं जन्मापासूनचे मोबाईलमधले फोटो काढले. सगळ्यांत एक काळं आणि शेजारी दुसरं काळं. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या चांगल्या आहेत, वयानं मोनाएवढ्याच. त्या म्हणाल्या की कानात गोंदता येतं, पण काळ्या कानात काळं गोंदण दिसायचं नाही. कातडीखाली चिपही बसते, पण ती वाचायला मशीन लागतं. सगळ्यात बरा कानातला पिवळा बिल्ला. त्यावर नंबर असतो आणि तो मालकाच्या नावावर चढतो. मला हायसं वाटलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या की बिल्ला मी मारते काकू, पण कोण कुणाची ते तुम्हालाच सांगावं लागेल.

तेच तर मला सांगता येत नाही. तुमची अमानत माझ्याकडून हरवली. जनावर गोठ्यात उभं आहे आणि तरी हरवलंय.

रागावला असलात तरी पत्र लिहा. राग पण पाकिटात घालून पाठवा, पण माया तोडू नका.

तुमची,
शालन

---

गडहिंग्लज, ५ ऑगस्ट

चि. सौ. शालन हिस,
आशीर्वाद.

एवढं रडगाणं कशाला? दोन शेळ्या हायत, दोघी जिवंत हायत, एक तुझी न् एक माझी. बाळासो लहानपणी बी असाच. एकदा रंग हातात आला तर त्यानं आमच्या वडलांच्या, आण्णांच्या सायकलची सीटसुद्धा रंगवली होती, आन आण्णा तसंच बसून मुरगूडच्या बाजाराला गेलं होतं.

दिवाळीनंतर मी येते. जी पुढं येऊन माझा पदर चावंल ती माझी. झालं.

तुझी,
अंबू

---

।। श्री अंबाबाई प्रसन्न ।।

मुरगूड, दि. २४ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप सौ. वन्सं यांस,
शालनचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीचा फराळ पोचला. चकली दाजींनी केली असं मोना म्हणते, ते खरं असेल तर त्यांना सांगा की आमच्या ह्यांनी हात धुवायलासुद्धा धीर धरला नाही, आधी ताटातली उचलून खाल्ली.

आता मुद्द्याचं. पदर चावणारी तुमची, असं आता चालणार नाही. डॉक्टर मॅडम लस टोचायला आल्या होत्या, त्यांनी तपासलं. दोघींतली एक गाभण आहे, आणि दोन करडं असतील म्हणाल्या. दुसरी अजून रिकामीच. म्हणजे आता दोघी सारख्या राहिल्या नाहीत.

ह्यांना मी विचारलं की कोणती वन्संची. तर म्हणाले, दोन्ही काळ्या, कोण बघतंय, गाभण आपली म्हण आणि मोकळी हो. मी तिथल्या तिथं सांगितलं की बघणारी बघते. रात्री त्यांनाही पटलं असावं. सकाळी स्वतःच गाभणीला शेवरीचा पाला तोडून आणला आणि म्हणाले, आक्काची आहे, नीट खाऊ दे तिला.

म्हणून लिहिते. थोरली आधी जन्मली, आधी अंगानं भरली असणार, आधी गाभण राहिली असणार. माझ्या मनानं गाभण तीच तुमची. कधी येता ते कळवा.

लोभ आहे तसाच राहो.

तुमची,
शालन

---

गडहिंग्लज, २ डिसेंबर

चि. सौ. शालन हिस,
आशीर्वाद.

तुझं मॅट्रिकचं डोकं शेळीपुढं चालवू नको. आधी जन्मली म्हणून आधी गाभण राहिली म्हणतीस? मग मी तुझ्या नवऱ्याच्या आधी जन्मले, पण मला पोर झालं तुझ्या मोनाच्या नंतर. त्याचं काय?

वर्सभर पाला तू आणलास. पावसाळ्यात त्यांना पडवीत घेतलंस आन तुझी सरपणाची मोळी भिजली, हे मला चिमणाबाईच्या लेकीनं एसटीत सांगितलं. आन आता पोटात करडं आली तर मी येऊन दावं सोडून न्यायचं? तुझी देवी बघती, तर माझी काय झोपलीय?

रिकामी माझी. गाभण तुझी. मी १५ तारखेला रविवारी येते आन रिकामी घेऊन जाते. वाद घालशील तर गुडघा दुखतोय म्हणून तुझ्याच घरी महिनाभर बसंन.

तुझी,
अंबू

---

।। श्री अंबाबाई प्रसन्न ।।

मुरगूड, दि. १३ डिसेंबर २०२४, शुक्रवार

तीर्थस्वरूप सौ. वन्सं यांस,
शालनचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र टेम्पोवाल्या सयाजीच्या हाती देते. पत्र आणि शेळी एकदमच पोचतील. रविवारी यायचा त्रास घेऊ नका. यायचं असेल तर नुसतं जेवायला या.

टेम्पोत जी आहे ती गाभण आहे. तिच्या कानात पिवळा बिल्ला आहे आणि तो नंबर दाजींच्या नावावर चढलाय. काल सकाळी डॉक्टर मॅडमना बोलावून घेतलं.

कान टोचायला माझा जीव धजत नव्हता हे तुम्हाला माहीत आहे. पण मॅडम म्हणाल्या, काकू, पोरींचे कान सोनार टोचतोच की. मग मनात आलं की ही वन्संची लेक, म्हणजे आमचे हे तिचे मामा. आणि कान टोचताना पोर मामाच्या मांडीवर बसतं. मी ह्यांना पोत्यावर बसवलं आणि शेळी त्यांच्या मांडीवर दिली. एवढी मोठी शेळी, निम्मी मांडीवर, निम्मी जमिनीवर. मी तिच्या तोंडात गुळाचा खडा दिला आणि कानाला हळद लावली. टोचताना ती गप्प राहिली. हेच आय गं म्हणून ओरडले, कारण तिचा खूर त्यांच्या पायावर पडला. मोना एवढी हसली की तिचा व्हिडिओ नुसता हलतोय.

तुम्ही म्हणाल नाव बदलून टाकू. मॅडमना विचारून ठेवलंय. नाव बदलायला दोन्ही घरच्या सह्या लागतात. मी मॅट्रिक झालेली बाई आहे, सही कुठं करायची नाही ते मला कळतं.

सोबत शेवरीच्या दोन पेंढ्या आणि तिळाचे लाडू आहेत. लाडू शेळीपासून लांब ठेवा. माया वाढत राहावी, वाद मिटत राहावा.

तुमची,
शालन

---

गडहिंग्लज, ४ मे २०२५

चि. सौ. शालन हिस,
अंबूबाईचे अनेक आशीर्वाद.

एवढे महिने मी गप्प का होते, ते आता सांगते. मी वाट बघत होते.

फेब्रुवारीत थोरली व्याली. थोरलीच म्हणते, कारण कानात तसं ठरलंय. दोन करडं झाली, दोन्ही माद्या. एक आईसारखी काळी. दुसरी तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका आन चारी पायांत पांढरे मोजे. लांबून, डोळं झाकून, अंधारात, कशीबी ओळखू येती. ह्या वेळी खूण करायचं काम अंबाबाईनं आपल्यावर सोडलंच न्हाय.

आता नीट वाच. शेळी गाभण राहिली तुझ्या दावणीला, तीन महिने पाला खाल्ला तुझ्या बांधावरचा. अर्धलीचा नेम काय? सांभाळणाऱ्याला निम्मी करडं. तो नेम तुझ्या सासऱ्यांनी घातलेला हाय, तू न् मी मोडायचा न्हाय. तांबडी तुझी.

न्हाय म्हणायची सोय न्हाय. काल इथल्या डॉक्टरांना बोलावून तिच्या कानात बिल्ला मारला आन नंबर बाळासोच्या नावावर चढवला. तुझी लेक म्हटल्यावर तुझा भाऊ मामा लागतो, पण तो राहतोय पुण्याला. तेव्हा आमचं हेच मामा होऊन बसलं. गूळ तिला एक खडा दिला, त्यांनी तीन खाल्ले.

आन तुझा सहीचा कायदा मी बी विचारून ठेवलाय. सह्या दोन्ही घरच्या लागत्यात. मी सांगणार, मला सही येत न्हाय, अंगठा बी दुखतोय.

सयाजीचा टेम्पो पुढल्या मंगळवारी येतोय. देवीचा वार हाय. दारात पाण्याचा तांब्या आन भाकरीचा तुकडा घेऊन उभी राहा. आन बाळासोपासून रंगाचा डबा लपवून ठेव.

तुझी,
अंबू