हाकेला ओ

माय, काल माझ्या नातीनं मोबाईलवर एक गाडी दाखवली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीला पडदे. म्हणते, आजोबा, याला कॅम्परव्हॅन म्हणतात, आपण घेऊ ना. मी म्हटलं, बाई, असली गाडी मी केव्हाच बनवून समुद्रापर्यंत फिरवून आणली. तिला ती थापच वाटली. पण तू होतीस ना त्या गाडीत. दारात आडवी झोपलेली.

शहरात जठारपेठेत माझा मंडप आणि साऊंडचा धंदा तेव्हा कुठे बसला होता. चार गल्ल्या लांबून भोंगा ऐकून मी सांगायचो की तार कुठे सैल आहे. लोक म्हणायचे, याचे कान मांजराचे. त्या कानांवरच मी पोट भरलं आणि दुकान उभं केलं. पण त्या वर्षांत गावाकडे वाजवायला कोणी बोलवेना. बार्शीटाकळीच्या आसपास माणसं हळू आवाजात बोलायला लागली होती. एखाद्या शेतकऱ्याच्या घरापुढे गर्दी दिसली तरी काय झालं म्हणून कोणी विचारत नव्हतं. विचारायची गरजच उरली नव्हती.

अशात एका दुपारी तू एस्टीनं एकटीच दुकानात आलीस. पाणी प्यायली नाहीस. पिशवीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला डबा काढून टेबलावर ठेवलास. फवारणीच्या औषधाचा डबा.

"हे तुयाजवळ राहू दे," म्हणालीस. "घरात नको."

मी समजलो, तरी विचारलं, "काहून?"

"तुया भाऊ जागलीवर ओ देत नाई आजकाल."

एवढंच. शहरातल्या माणसाला यात काय कळणार? पण मी तुझ्या पोटचा. हरभऱ्यात रानडुकरं घुसू नयेत म्हणून आपल्याकडे रात्रभर जागल करायची, आणि एका वावरातून हाक आली की शेजारच्या वावरानं ओ द्यायची, ती पुढच्यानं उचलायची. ओ चुकली की काठ्या घेऊन धावत जायचं, काहीतरी झालं असं समजून. धाकटा मचाणावर जागा असायचा आणि गप्प राहायचा. शेजारी धावत येऊन पाहायचे, तर हा बसलेला. "हाव ना जिता, जा," म्हणायचा.

"त्याले ने कुठंतरी लांब," म्हणालीस. "वावर दिसू नको देऊ त्याले चार दिस."

मग मी टेम्पोतले स्पीकरचे खोके उतरवले, दोन बाजूंना फळ्या ठोकल्या, मंडपाच्या कनातीचे पडदे लावले, स्टोव्ह आणि पाण्याचा ड्रम ठेवला. तू, मी, माझी बायको आणि धाकटा. हरभरा शेजाऱ्याच्या भरवशावर टाकला. समुद्र आपल्यापैकी कोणीच पाहिला नव्हता.

सहल म्हणावी तर ती कोंडवाड्यासारखी होती, माय. बोलायचं ते एकच, आणि नेमकं तेच कोणी बोलत नव्हतं. बायको ठेच्याचं बोलायची, मी इंजिनाचं. धाकटा पडद्याकडे तोंड करून पडायचा. तो लघवीला उतरला तरी तू मागे. मुक्कामाला थांबलो की दाराला आडवं पोतं टाकून तू त्यावर झोपायचीस, म्हणजे कोणी उतरलं तर तुझ्या अंगावरूनच. मी फळीवर पडल्या पडल्या त्याचा श्वास ऐकत राहायचो. माझे कान मला पहिल्यांदा ओझं वाटले ते तिथे.

एकदा तो चिडलाच. "माय, मी का ढोर हाव का, असं दारात अडवून ठेवाले?"

"ढोर असता तं मी सुखानं झोपली असती," तू म्हणालीस.

बायकोला हसू फुटलं. तो नाही हसला.

कोकणात पोचलो तर समुद्र ओहोटीनं आत गेलेला. किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं की कड्याखाली गुहा आहे, भरतीच्या आधी बघून या. आपण चौघं निघतो. आत गार, ओला वास, पायाखाली गोटे. एक बॅटरी माझ्याकडे, एक धाकट्याकडे. तू त्याचा सदरा धरलेला, पण गोट्यांवरून तुझा पाय सरकतो, सून तुला सावरायला वाकते, आणि तेवढ्यात पुढची बॅटरी वळणाआड जाते. मग दिसेनाशीच होते.

मी नाव घेऊन ओरडतो. माझाच आवाज चारी बाजूंनी अंगावर येतो. मागे समुद्र घुमतोय. ज्या माणसानं आयुष्यभर आवाज कुठून येतो तेवढंच ओळखलं, त्याला काहीच ओळखता येत नाही. बायको म्हणते, "भाऊजी! अहो भाऊजी!" तिचा आवाज रडवेला. मी पुढे सरकतो, तर तू माझा दंड धरतेस.

"थांब. तू नको बोंबलू."

आणि तू जागलीची हाक देतेस. लांब, सरळ, शेवटाला तोडलेली. "हो ऽ ऽ ऽ हौ!" लुगड्याचा पदर कमरेला खोचून, गुडघाभर अंधारात, जणू पलीकडे आपलंच वावर आहे. काही नाही. तू पुन्हा देतेस. मी बॅटरी तुझ्या तोंडावर धरून उभा.

थोड्या वेळानं तो आला. गुडघ्यापर्यंत ओला, बॅटरी विझवलेली.

"काहून एवढी बोंबलून रायली, माय? इथं कुठं डुकरं आहेत?"

तू त्याच्या पाठीत एक धपाटा घातलास, मग दुसरा. आणि मग तोच हात तिथेच ठेवलास.

"काय करून रायला होता आत?" मी विचारलं.

"बसलो होतो. उठाचं मन नव्हतं." मग तुझ्याकडे न पाहता म्हणाला, "पन हाक आली तं ओ द्याच लागते ना."

त्या संध्याकाळी गाडीत भाकर मोडताना तो एकदम बोलला, "माया डबा कुठं नेला, माय?"

बायकोनं स्टोव्ह बारीक केला.

"तुया भावाच्या दुकानात," तू म्हणालीस.

"राहू दे तिथंच," तो म्हणाला, आणि ठेचा मागितला. तू दाराजवळचं पोतं उचललं नाहीस, पण त्या रात्री घोरलीस. मी ऐकलं.

धाकटा अजून वावरातच आहे. डोकं पांढरं झालंय. दर संध्याकाळी त्याचा फोन येतो. मी "हॅलो" म्हणतो आणि तो म्हणतो, "हो, ओ दिली, ठेव."

हे तुला कुठे पाठवू? पाठवलं तरी तुला वाचता कुठे येत होतं? दुसऱ्या कोणाला वाचून दाखवायचं तर तो धाकटाच, आणि त्याला हे दाखवायचं नाही. कारण गावभर, दुकानात, लग्नामांडवात मी एकच सांगत आलोय की गुहेत त्याची ओ सगळ्यात आधी माझ्या कानांनी टिपली. लोकांना खरं वाटतं. त्यालाही.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं, माय. बॅटरीच्या उजेडात तुझं आवळलेलं तोंड सैल पडलं, तेव्हा मला कळलं की तुला त्याची ओ आली, तो आहे.