सगळ्या कामाची सायकल

१२ जानेवारी
ठरलं. सायकल करायची. विकतच्या सायकलीच्या दांडीत साडी अडकते. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून मिरजेला बाबांच्या दुकानात फ्रेमी जोडल्यात मी. चेन्नईत नऊ वर्षं झाली, समुद्र दोनदा बघितला! तोही ह्यांना सुट्टी मिळाली तेव्हा. आता माझी मी जाणार.

१५ जानेवारी
पोंगलची सुट्टी, हे घरीच. गच्चीत पाईप कापले, ह्यांचं वेल्डिंग मशीन लावलं. ओरगडमला कारखान्यात रोज वेल्डिंग करतात, घरी मला शिकवतात.
"मागं हातभर लांब कर. तांदळाचं पोतं बसेल."
"मी समुद्रावर पोतं नेऊ?"
"अगं, सगळ्या कामाला येईल."
केली लांब. माझंच चुकलं.

१९ जानेवारी
सासूबाईंना कळलं. "मंगळवारी देवळात नेशील ना गं? पाय टेकायला कायतरी लाव." लावलं. आमच्या लेकीला, सावनीला, क्लासची बॅग ठेवायला पुढं जाळी पाहिजे. लावली.

२० जानेवारी
दोन चाकं एकमेकांपासून केवढी लांब गेली! बैलगाडी झाली नुसती.

२८ जानेवारी
चालली!! खालच्या चंद्रिकाक्कांनी टाळ्या वाजवल्या. "सूपर, सूपर!" आणि लगेच पाण्याचा रिकामा कॅन पुढं केला.

११ फेब्रुवारी
सकाळी दोन कॅन — एक आमचा, एक अक्कांचा. मग गिरणी. मग सावनीचा क्लास. मग देऊळ — मंगळवार होताच, आता शुक्रवारही. सासूबाई मागं बसून — "खड्डा बघ. हळू. पदर सावर." सिग्नलला समुद्राचा रस्ता उजवीकडं जातो. मी रोज डावीकडं वळते. आधी घरात अडकले होते, आता रस्त्यावर!

१४ फेब्रुवारी
ह्यांना सांगितलं, रविवारी मी समुद्रावर जाणार. एकटी.
"जा की. येताना पोतं आण."

१६ फेब्रुवारी
सकाळी गच्चीत हॅक्सॉ घेऊन बसले. मागचं कॅरियर, पाय टेकायची पट्टी, पुढची जाळी — सगळं कापलं. एक सीट ठेवली. हे धावत वर आले. "वेडी झालीस? आता पोतं कशावर आणायचं?"
"खांद्यावर."
सासूबाईंनी तोंड फिरवलं. फिरवू दे.
वाळूत बसून लिहितेय. पाय ओले. दुपार झाली, घरी स्वयंपाक नाही.